अर्ध्या सेकंदाचा हुंदका

लांब नाक, रुंद मागची चाकं, बॉनेटवर हवेसाठी उघडं तोंड. १९६५च्या ४२७ कोब्रा या स्पोर्ट्स कारच्या वळणावर घडवलेली ही गाडी. आत मोठं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, आणि त्याच्या डोक्यावर हवेत पेट्रोल मिसळणारा, चार बॅरलचा म्हणजे चार हवानळ्यांचा कार्बोरेटर. उभी असताना मस्त गुरगुरते, मोकळ्या रस्त्यावर सुसाट पळते. पण दुसऱ्या गिअरमध्ये पाय झटकन दाबला की... ऐका.

हुंदका. कार्बोरेटरच्या तोंडातून 'फट्' असा आवाज, क्षणभर सगळं सुन्न, आणि मग गाडी अशी उधळते की मान मागे जाते.

मालकाने मेन जेट, म्हणजे पेट्रोल मापून सोडणारी मुख्य छिद्रं, बदलून पाहिले, एक माप मोठे, मग दोन मापं मोठे. हुंदका जिथल्या तिथे. प्लगवर मात्र काळी काजळी धरली. साहजिकच आहे. व्हेंचुरीतून, म्हणजे कार्बोरेटरच्या निमुळत्या गळ्यातून, हवा वेगाने वाहू लागली की मग मेन जेटमधलं पेट्रोल खेचलं जातं. आपला हुंदका त्याच्या आधीच येऊन जातो.

थ्रॉटल, म्हणजे पेडलने उघडणारी हवेची झडप, एकदम उघडला की हवा लगेच आत घुसते. पेट्रोल जड, ते मागे राहतं. त्यात मॅनिफोल्डमधला (सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांमधला) व्हॅक्यूम कोसळतो आणि बारीक तुषार भिंतींना चिकटून बसतात. सिलिंडरच्या वाट्याला येते जवळपास नुसती हवा. ही तूट भरायला अ‍ॅक्सिलरेटर पंप असतो: एक रबरी पडदा (डायफ्रॅम), एक तरफ आणि वर दोन बारीक नळ्या. पंप ३० सीसीचा म्हणतात, पण ते माप दहा वेळा दाबल्याचं. एका दाबात जेमतेम ३ सीसी.

आता इंजिन बंद, थंड. एअर क्लीनर काढला. आत डोकावून थ्रॉटल हाताने हलवू या. पेट्रोलची धार थ्रॉटल हलताक्षणी सुटायला हवी. इथे बघा... थ्रॉटल हलला, तरी धार नाही. आणखी हलला, आता सुटली.

चोर सापडला. आयडलिंगला, म्हणजे पेडल न दाबता इंजिन चालू असताना, पंपाची तरफ आणि तिला दाबणारा बोल्ट यांच्यात डोळ्यांना दिसेल एवढी फट आहे. पेडलची पहिली चाल ती फट मिटवण्यातच जाते. बोल्ट फिरवून फट घालवली. मग थ्रॉटल पूर्ण उघडून, तरफ खाली दाबून फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घातला. तिथे ०.०१५ इंच जागा शिल्लक लागते, नाहीतर डायफ्रॅम चेपून फाटतो. बोल्टचा अर्धा फेरा. एवढंच.

पुन्हा रस्त्यावर. झटक्याने दाबलं तर स्वच्छ. पण पाय अगदी हळूहळू दाबत नेला, तर अजून एक बारीक अडखळ. ही पंपाची नव्हे; हळू उघडताना पंपाचं काम फारसं नसतंच.

कार्बोरेटर उतरवून उलटा धरला. थ्रॉटलच्या पाकळीशेजारी एक उभी खाच दिसते, ट्रान्सफर स्लॉट; पाकळी उघडू लागली की हिच्यातून वाढीव पेट्रोल मिळतं. आयडलिंगला ती पाकळीखाली साधारण ०.०२० इंच, म्हणजे एखाद्या चिमुकल्या चौकोनाएवढी, उघडी दिसावी. इथे ती अर्ध्याहून जास्त उघडी आहे. रेसिंग कॅमवर (झडपा जास्त वेळ उघड्या ठेवणाऱ्या दांड्यावर) इंजिन बंद पडू नये म्हणून कुणीतरी आयडलिंगचा स्क्रू पिळत नेला. त्यामुळे खाचेतलं पेट्रोल आयडलिंगलाच खर्च होतं आणि पाय दाबताना वाढीव द्यायला उरत नाही. मिक्श्चरचे, म्हणजे आयडलिंगचं हवा-पेट्रोल मिश्रण ठरवणारे, स्क्रू फिरवूनही इंजिन का दाद देत नव्हतं, तेही इथेच कळलं.

स्क्रू मागे घेतला. कमी पडणारी हवा मागच्या दोन पाकळ्या किंचित उघडून भागवली. टायमिंग लाइट लावून सुरुवातीचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, थोडं पुढे घेतलं. मोठ्या कॅमला ते मानवतं. ठिणगी आधी पाडण्याचं एकूण प्रमाण, म्हणजे अ‍ॅडव्हान्स, मात्र ३६ अंशांच्या आतच ठेवला.

दुसरा गिअर. हळू, मग झटकन. आवाज कुठेही तुटत नाही.

जुने जेट अजून डिकीत, कागदात गुंडाळलेले आहेत. प्लग साफ करून आज तेच परत बसवायचेत.