सामन्याच्या कितीतरी आधी

श्रोतेहो, नमस्कार.

जामठ्याच्या क्रिकेट मैदानावर सामना असला की वर्धा रोडवर कशी रीघ लागते, हे नागपूरकरांना सांगायला नको. मोठ्या स्पर्धा आणि मानवी तस्करी हा विषय निघाला, की अशा गर्दीकडेच बोट दाखवलं जातं. 2006 साली जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक झाला. चाळीस हजार बायका विकायला आणणार, अशी हाकाटी आधी जगभर झाली. स्पर्धेशी थेट जोडलेली प्रकरणं पोलिसांना सापडली ती मात्र मोजकीच. एका पोरीची विक्रीसुद्धा भयंकर आहे. पण आपण सामन्याच्या दिवसावर डोळे लावून बसतो, आणि माणसं अडकतात ती मैदानाचा पाया खणताना.

दिल्लीच्या 1982 च्या एशियाडचं बघा. बांधकामावर मजूर आणले जमादारांनी. किमान रोजी होती सव्वानऊ रुपये. जमादार माणशी एक रुपया कापून घ्यायचा, बायकांच्या हातावर तर सातच टेकवायचा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला, की किमान वेतनाहून कमी पैशात राबवून घेणं ही राज्यघटनेच्या कलम 23 नं बंदी घातलेली वेठबिगारीच आहे. माणसांच्या व्यापारालाही हेच कलम बंदी घालतं. दीक्षाभूमीच्या शहराला ते पाठ असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आज हे सांगायचं कारण म्हणजे 2030 ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला आहे, आणि हावडा-अहमदाबाद गाडी रायपूर, गोंदिया करत आपल्याच स्टेशनातून जाते. पोटासाठी परगावी जाणं हा गुन्हा नव्हे. तेव्हा गाठोडं घेतलेल्या प्रत्येकाकडे संशयानं बघू नका. पण फलाटावर दहा-बारा पोरं एकाच माणसाभोवती बसली आहेत, तिकिटं आणि आधार कार्डं सगळी त्याच्याच खिशात आहेत, आणि "कुठं चाललास रे?" असं पोराला विचारलं तर उत्तर तोच देतो, असं दिसलं तर थांबा. घरी उचल दिली आहे, पोरं राजीखुशीनं आली आहेत, असं तो सांगेल. उचलीपायी माणूस बांधून ठेवणं 1976 पासून गुन्हा आहे. आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 प्रमाणे तस्करीत पीडिताच्या संमतीला काहीच किंमत नाही.

त्याच्याशी हुज्जत घालू नका, पोरांचे फोटो ग्रुपवर टाकू नका. मुलं अठराच्या आतली वाटली तर 1098 लावा, रेल्वेत असाल तर 139, एरवी 112. ओळखीचा कुणी कामावर अडकला असेल, तर त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे वेठबिगारीची तक्रार करा. फोनवर गाडी, डबा आणि पुढचं स्टेशन नेमकं सांगा. गाडी सुटून गेली तरी फोन कराच. पुढे वर्ध्याला आणि बडनेऱ्यालाही रेल्वे सुरक्षा दलाचे जवान असतात.