ऐकू येते, पण बोललेले जात नाही

मित्रहो, आणि मुलांच्या आग्रहाखातर इथवर आलेल्या पालकांनो,

गेल्या पावसाळ्यात कणकुंबीकडचा एक कॉलेजचा मुलगा सकाळच्या पहिल्या बसने बेळगावला माझ्याकडे आला. हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गेमिंगचा हेडसेट होता. पिशवी टेबलावर ठेवत तो म्हणाला, "मामा, मला सगळ्यांचं ऐकू येतंय, पण माझं कुणालाच जाईना झालंय." एका दुकानात त्याला "माइक गेला, नवीन घे" असे सांगण्यात आले होते. काजूच्या हंगामात वडिलांनी बाजूला काढलेल्या पैशांतून घेतलेली वस्तू इतक्या लवकर गेली, हे त्याच्या जिवाला लागले होते. मी त्या हेडसेटची पिन माझ्या मोबाइलमध्ये घातली, त्याला दोन वाक्ये बोलायला सांगितली आणि ती रेकॉर्ड करून त्यालाच ऐकवली. आवाज स्वच्छ होता. हेडसेटला काहीही झालेले नव्हते.

दुरुस्तीच्या टेबलावर इतकी वर्षे बसून मी एक गोष्ट शिकलो आहे, आणि आज तीच सांगायला उभा आहे. "माइक गेला" म्हणून येणाऱ्या हेडसेटपैकी ज्याचा माइक खरोखरच गेला आहे, असा क्वचित निघतो. आपला आवाज ओठांपासून निघून मित्राच्या कानापर्यंत पोचतो तेव्हा मध्ये माइकची डबी, वायर, म्यूटचे बटण, पिन, कॉम्प्युटरचा जॅक, साउंड कार्ड म्हणजे आवाज हाताळणारा भाग, विंडोज आणि शेवटी तो गेम, एवढे टप्पे असतात. शेताला पाटाचे पाणी पोचले नाही, तर आपण तडक धरणावर जात नाही. मधल्या एखाद्या बांधावर उभे राहून पाणी तिथवर आले आहे का ते पाहतो. आले असेल तर दोष खाली आहे, नसेल तर वर आहे. हेडसेट मोबाइलला लावून पाहणे म्हणजे असेच मधल्या बांधावर उभे राहणे होय. तिथे आवाज रेकॉर्ड झाला तर हेडसेट, वायर आणि पिन तिन्ही एकदम निर्दोष ठरतात आणि पुढचा सगळा शोध कॉम्प्युटरमध्ये घ्यायचा असतो. मोबाइलला गोल जॅक नसेल तर शेजाऱ्याचा लॅपटॉप चालेल. दुसरे यंत्र असले म्हणजे झाले.

या शोधात एक पथ्य कसोशीने पाळावे लागते: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक बदलानंतर बोलून पाहायचे. सुरुवातीच्या काळात मी एका गृहस्थांच्या हेडसेटची घाईने वायर बदलली, ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला वस्तू ओळखून देणारा प्रोग्रॅम, नव्याने टाकला आणि सेटिंगही फिरवली. माइक चालू झाला, मी पैसे घेतले, आणि आठवड्याने तोच दोष परत आला तेव्हा तिन्हीपैकी नेमके कशाने काम झाले होते हे मला सांगता येईना. त्या गृहस्थांना मी विनाकारण दोनदा खेपा घालायला लावल्या, याची खंत मला आजही आहे.

आता मुळाशी जाऊ. ऐकू येते पण बोललेले जात नाही, असे का होते? कारण ऐकण्याची आणि बोलण्याची वाट एकाच वायरीच्या पोटातून जात असली तरी त्या दोन स्वतंत्र वाटा आहेत. कानावरचा स्पीकर आलेल्या सिग्नलवर हलतो, त्याला आणखी काही लागत नाही. माइकचे तसे नाही. बहुतेक हेडसेटमध्ये इलेक्ट्रेट जातीचा माइक असतो. जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर या दोघांनी तो १९६२ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तयार केला. त्यात कायमचा विद्युतभार धरून ठेवणारा एक अतिशय पातळ पडदा असतो. आवाजाने तो थरथरतो, त्यातून इवलासा सिग्नल निघतो, आणि तो वायरीतून नेण्याजोगा करण्यासाठी डबीतच एक छोटा ट्रान्झिस्टर बसवलेला असतो. त्या ट्रान्झिस्टरला दोन-तीन व्होल्टांचा वीजपुरवठा लागतो आणि तो कॉम्प्युटर किंवा मोबाइल त्याच जॅकमधून उलट दिशेने पाठवत असतो. म्हणजे माइकच्या वायरीतून सिग्नल येतो आणि वीजही जाते. ही वीज पोचली नाही किंवा वाटेत ग्राउंडला, म्हणजे परतीच्या समाईक तारेला, टेकली, तर माइक पूर्ण मुका होतो, आणि कानातले गाणे मात्र जसेच्या तसे वाजत राहते.

त्या कणकुंबीच्या मुलाचा दोष पिन आणि जॅक यांच्या जुळणीत होता, आणि पिनेवर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. आपापल्या हेडसेटची पिन डोळ्यांजवळ धरून पाहा. साडेतीन मिलिमीटरच्या त्या पिनेवर काळ्या किंवा पांढऱ्या रेघा दिसतील. दोन रेघा असतील तर पिनेचे तीन भाग पडतात: डावा कान, उजवा कान आणि ग्राउंड, अशा पिनेत माइकला जागाच नाही. तीन रेघा असतील तर भाग चार होतात आणि चौथा भाग माइकचा असतो. मोबाइलला आणि बहुतेक नव्या लॅपटॉपना चार भागांची पिन चालते. घरातल्या डेस्कटॉपला मात्र बहुधा हिरवा जॅक ऐकण्यासाठी आणि गुलाबी जॅक माइकसाठी, असे दोन वेगळे जॅक असतात. त्या मुलाने नवा डेस्कटॉप घेतला होता आणि चार भागांची पिन हिरव्या जॅकमध्ये घातली होती. ऐकू येत होते, आणि माइकचा सिग्नल जायला कुठेच वाट नव्हती. एका टोकाला चार भागांचा जॅक आणि दुसऱ्या टोकाला हिरवी व गुलाबी अशा दोन पिना असलेला छोटा स्प्लिटर त्याने बेळगावच्या बाजारातून घेतला, संध्याकाळच्या बसने तो घरी गेला, आणि रात्री त्याचा फोन आला की सगळ्यांना त्याचे बोलणे ऐकू जात आहे. स्प्लिटर घेताना मात्र त्यावरची चिन्हे पाहावीत, कारण दोन जणांनी एकच गाणे ऐकण्यासाठीचा स्प्लिटरही दिसायला अगदी तसाच असतो आणि तो इथे निरुपयोगी आहे.

पिनेचा आणखी एक पेच आहे. चार भागांच्या पिनेत ग्राउंड आणि माइक यांच्या जागांबद्दल दोन रिवाज आहेत. आजच्या बहुतेक वस्तूंत माइक सर्वांत मागच्या भागावर असतो, त्याला सी.टी.आय.ए. म्हणतात, काही जुन्या वस्तूंत माइक आणि ग्राउंड यांची अदलाबदल असते, तो ओ.एम.टी.पी. रिवाज. दोन वेगळ्या रिवाजांची वस्तू एकमेकांना जोडली की माइक चालत नाही आणि गाणेही पोकळ वाजते, मधला गाणाऱ्याचा आवाजच नाहीसा होतो. अशा वेळी वायरीवरचे फोन उचलण्याचे बटण दाबून धरा. बटण दाबल्याबरोबर गाणे नीट वाजू लागले, तर दोष रिवाजाचा आहे, हेडसेटचा नाही. पिन पूर्ण आत न बसल्यानेही अगदी असाच पोकळ आवाज येतो. खिशातला कापसासारखा कचरा जॅकच्या तळाशी दाबून बसतो आणि पिन केसभर बाहेर राहते. लाकडी दातकोरण्याने तो हलक्या हाताने काढावा. सुई घालू नये, आतली स्प्रिंग वाकते.

पिन निर्दोष असेल तर माइकच्या दांडीकडे या. काही हेडसेटमध्ये ही दांडी काढता-घालता येते, आणि ती अर्धवट बसलेली असणे हा दोष मी वारंवार पाहतो. काहींत दांडी वर केली की माइक आपोआप बंद होतो. वायरीवरची म्यूटची पट्टी शर्टाच्या बटणाला लागून सरकते. माइकला तोंडही असते: जाळीची बाजू ओठांकडे हवी, कारण बऱ्याच दांड्यांतला माइक मागून येणारा आवाज मुद्दाम कमी घेतो, आणि दांडी फिरली की तुम्हीच त्याच्या मागच्या बाजूला जाता.

आता कॉम्प्युटरच्या आत. डेस्कटॉपच्या पुढच्या जॅकपासून मदरबोर्डपर्यंत, म्हणजे आतल्या मुख्य पाटीपर्यंत, आतून एक वायर जाते आणि जोडणी करताना ती लावायची राहून गेलेली असू शकते. म्हणून आधी मागच्या जॅकवर पाहावे. मग विंडोजमध्ये साउंडच्या सेटिंगमध्ये जाऊन इनपुट कोणता निवडला आहे ते पाहावे. वेबकॅम लावला असेल तर त्यातही माइक असतो, आणि विंडोज पुष्कळदा तोच धरून बसतो. मुले हेडसेटच्या माइकवर ओरडत असतात आणि कॉम्प्युटर तीन फुटांवरच्या वेबकॅमने ऐकत असतो. हेडसेट निवडून बोला आणि तिथली आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी हलते का पाहा. हा आपला दुसरा बांध आहे. पट्टी हलली तर पाणी विंडोजपर्यंत आले, दोष गेममध्ये किंवा डिस्कॉर्डमध्ये, म्हणजे खेळताना मित्रांशी बोलण्याच्या ॲपमध्ये. पट्टी हलतच नसेल तर दोष अलीकडे आहे. यू.एस.बी. हेडसेटच्या पोटात स्वतःचे साउंड कार्ड असते, त्यामुळे तो यादीत वेगळ्या नावाने दिसतो. तो हबमधून, म्हणजे एका पोर्टचे अनेक करणाऱ्या डबीतून, काढून थेट कॉम्प्युटरच्या पोर्टमध्ये लावून पाहावा.

पट्टी हलते पण मित्राला ऐकू जात नाही, अशा वेळी परवानगी पाहावी. विंडोज १० आणि ११ मध्ये प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये मायक्रोफोनचे वेगळे पान आहे, तिथे डेस्कटॉप ॲप्सना माइक वापरू देण्याचे बटण आहे. ते बंद असेल तर हेडसेट कितीही महागाचा असला तरी गेमला शांतताच मिळते. डिस्कॉर्डमध्ये इनपुट डिव्हाइसची निवड पुन्हा स्वतंत्र असते आणि आवाजाची संवेदनशीलता ठरवणारी एक पट्टीही असते. ती फार वर नेलेली असेल तर हळू बोललेले वगळले जाते. रात्री घरचे झोपल्यावर खेळणारी मुले दबक्या आवाजात बोलतात आणि "रात्रीच माइक बंद पडतो" असे सांगत येतात, त्याचे कारण बहुतेकदा हे असते. एकाच वेळी दोन प्रोग्रॅम उघडे असतील, तर पहिला प्रोग्रॅम माइक एकट्याच्या ताब्यात ठेवू शकतो. माइकच्या प्रॉपर्टीजमधल्या ॲडव्हान्स्ड पानावर ही मुभा काढून घेता येते.

मोबाइलवर खेळणाऱ्यांनी गेमला माइकची परवानगी दिली आहे का ते पाहावे. ॲन्ड्रॉइड १२ पासून वरून खाली ओढायच्या पट्टीत सगळ्या ॲप्सचा माइक एकदम बंद करणारे बटण बसवता येते, आणि ते चुकून दाबले जाते. ब्लूटूथबद्दल थोडक्यात एवढेच, की संगीत ऐकण्याची ब्लूटूथची पद्धत एकतर्फी आहे. माइक चालू होताच जोडणी फोनकॉलच्या पद्धतीवर जाते आणि आवाज एकदम पिचका होतो. ते बिघडणे नव्हे. ज्यांना बोलत खेळायचे आहे त्यांनी वायरीचा किंवा स्वतंत्र डोंगलचा, म्हणजे पोर्टमध्ये लावायच्या छोट्या बिनतारी डबीचा, हेडसेट घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक दोष आपल्या भागाचा म्हणून सांगायला हवा. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने घरातली कोणतीही वस्तू पूर्ण कोरडी राहत नाही. पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, हे इथल्या प्रत्येक आईला माहीत आहे. पिनेचा वरचा मुलामा झिजला की आतल्या पितळेवर तसाच कळंक चढतो, आणि माइकचा सिग्नल इतका नाजूक असतो की त्या पातळ थरानेही तो तुटतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या फडक्याने पिन पुसावी, पूर्ण वाळू द्यावी आणि मग जॅकमध्ये चार-पाच वेळा आतबाहेर करावी. पॉलिश पेपरने घासू नये, उरलासुरला मुलामाही जातो.

वायरच तुटली असेल तर ती बहुधा पिनेपासून बोटभर अंतरात किंवा कानाच्या कपात शिरते तिथे तुटते. बोलत राहावे, दुसऱ्याने वायर इंच इंच वाकवत जावे. जिथे आवाज येतो-जातो तिथे खूण करावी. मागच्याच महिन्यात निपाणीच्या एका मुलीचा हेडसेट असाच होता. त्यावर ती नोकरीच्या मुलाखतींचा सराव करत असे. खुणेजवळ वायर सोलल्यावर आत केसासारख्या बारीक तारा दिसल्या, तांबडी, हिरवी, साधी तांब्याची, आणि त्यांच्यात गुंफलेला नायलॉनचा धागा. तांबडी तार तेवढी तुटलेली होती. या तारांवर रंगीत लाखेसारखा लेप असतो आणि त्यावर सोल्डर धरत नाही, म्हणून पुष्कळांचा सांधा दिसायला पक्का आणि प्रत्यक्षात कोरडा राहतो. तारेचे टोक तापलेल्या सोल्डरच्या थेंबात दोन-तीन सेकंद बुडवून धरले, धूर निघून लेप जळाला आणि टोक चांदीसारखे चकाकले. मग सांधा घातला, वर श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवली की आवळणारी नळी, चढवली. मुलीने "हॅलो" म्हटले आणि पट्टी हलली.

पुढच्या टेबलावर मल्टीमीटर, सोल्डरची इस्त्री, अल्कोहोलची बाटली आणि दोन स्प्लिटर ठेवले आहेत. ज्यांनी आपले हेडसेट आणले आहेत त्यांनी एकेक करून पुढे यावे. आधी ते मोबाइलला लावून पाहू.