बुडूनही जगणारा भात

(दृश्य : ओडिशाचा किनारी भाग. पाण्याखाली गेलेली भातखाचरं.)

लावणी नुकतीच आटोपलेली असते आणि महानदीला पूर येतो. खाचरं आठ-आठ, दहा-दहा दिवस पाण्याखाली राहतात. भाताला पाणी हवं हे खरं, पण पूर्ण बुडालेलं रोप वर डोकं काढायला भराभर उंच होतं. त्या धडपडीत त्याची साठवलेली साखर संपते. पाणी ओसरल्यावर ते मान टाकतं.

याच ओडिशात धलपुटिया नावाचा एक गावठी भात होता. त्यातून निवडलेलं वाण, एफआर १३ ए, पाण्याखाली तग धरत असे. उतारा मात्र फार कमी. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या या भातापासूनच पुढचं सगळं संशोधन सुरू झालं, हे आवर्जून सांगायला हवं.

(दृश्य : प्रयोगशाळा. पानांचे नमुने.)

१९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी या भाताच्या नवव्या गुणसूत्रावर पाण्याखाली तग धरण्याच्या गुणाची जागा शोधली; तिचं नाव 'सब १'. २००६ मध्ये तिथला नेमका जनुक, 'सब १ ए', हाती लागला. पूर आला की हा जनुक रोपाची वाढ थोपवतो. रोप साखर राखून ठेवतं आणि पाणी उतरलं की पुन्हा फुटतं.

मग हा गुण आणण्यासाठी निवड झाली 'स्वर्णा'ची. आंध्रच्या मारुटेरू केंद्रातलं १९८२ चं हे वाण पूर्व भारतात आणि बांगलादेशात घरोघरी पोहोचलेलं. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत 'सब १' असलेल्या भाताशी त्याचा संकर झाला. पुढच्या पिढ्यांत पुन्हा पुन्हा स्वर्णाशीच संकर, आणि दर पिढीत रोपांच्या डीएनएची तपासणी. 'सब १' आलेली, बाकी सगळी स्वर्णासारखी, तेवढीच रोपं पुढे न्यायची. भाताचाच गुण भातात आणला; बाहेरचा जनुक घातलेला नाही.

'स्वर्णा-सब १' भारतात २००९ मध्ये आलं. बांगलादेशात २०१० मध्ये 'ब्री धान ५१' या नावानं, नेपाळमध्ये २०११ मध्ये.

(दृश्य : ओडिशातलं गाव, सखल शेतं.)

ओडिशातल्या शेतांवर झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा दिवस बुडालेल्या शेतात या वाणानं स्वर्णापेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त पीक दिलं, आणि पूर न आलेल्या शेतात उतारा घटला नाही. सगळ्यात मोलाचं पुढेच आहे. सखल, पुराची जमीन दलित कुटुंबांच्या वाट्याला तुलनेनं जास्त आलेली. म्हणजे या बियाण्याचा जास्त लाभ त्यांनाच. शेतीतल्या किती शोधांबद्दल असं म्हणता येईल?

तरी याला मर्यादा आहे. साधारण दोन आठवड्यांपर्यंत रोप टिकतं. पाणी त्याहून लांबलं, तर हाही भात हरतो.

आणि बियाण्याला सीमा अडवत होती. पूर तिन्ही देशांत तोच, माती बरीचशी सारखी, पण एका देशात पारखलेलं वाण शेजारी पुन्हा पहिल्यापासून पारखायचं, यात शेतकऱ्यांचे हंगाम जात. अखेर २०१४ मध्ये काठमांडूत भारत, बांगलादेश आणि नेपाळ यांनी करार केला : एकमेकांच्या चाचण्यांचे निष्कर्ष मानायचे, आणि सारख्या हवामानाच्या भागात बियाणं लवकर पोहोचवायचं.