नदीकाठची निळी नाकेबंदी

(दृश्य : दाट झाडीतून वाहणारी अरुंद नदी. काठावर कपडे धुणाऱ्या बायका.)

युगांडाच्या वायव्य टोकाला वेस्ट नाइल हा प्रदेश आहे. अरुआ, माराचा, कोबोको हे इथले जिल्हे. लहान-लहान नद्या गावांच्या अंगाने वाहतात. बायका इथेच धुणं धुतात, मुलं पोहतात, गुरं पाणी पितात. काठच्या झाडीच्या सावलीत त्सेत्से माशी बसलेली असते.

तिच्या चाव्यातून ट्रिपॅनोसोमा हा परजीवी माणसाच्या रक्तात शिरतो. सुरुवातीला ताप, डोकेदुखी, सांधेदुखी. पुढे काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, तो मेंदूपर्यंत पोचतो. रोगी दिवसा पेंगतो, रात्री जागा राहतो, असंबद्ध बडबडतो. उपचार मिळाले नाहीत तर बहुतेकदा दगावतो. हाच निद्रारोग. तो रोखण्यासाठी नदीकाठच्या त्सेत्से माश्या मारण्याच्या मोहिमेची ही गोष्ट.

भारतात त्सेत्से माशी नाही. मात्र याच परजीवीचा एक भाऊबंद आपल्याकडे गुरांना, घोड्यांना, उंटांना सर्रा हा रोग करतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला 2004 साली त्याचीच लागण झाली होती.

(दृश्य : पानावर बसलेली माशी, अगदी जवळून.)

विश्रांती घेताना तिचे दोन्ही पंख मिटलेल्या कात्रीच्या पात्यांसारखे एकावर एक येतात. सोंड सरळ पुढे. नर आणि मादी दोघंही रक्तावरच जगतात.

ही माशी अंडी घालत नाही. मादीच्या पोटात एका वेळी एकच अळी वाढते, तीही आईच्या शरीरातल्या दुधासारख्या स्रावावर. नऊ-दहा दिवसांनी मादी ती पूर्ण वाढलेली अळी सावलीतल्या भुसभुशीत मातीवर सोडते. अळी लगेच मातीत शिरते, कोश करते आणि साधारण महिन्याभराने माशी बाहेर येते. एवढ्या सावकाश वाढणाऱ्या जातीला थोडासा जादा मारही सोसत नाही. नैसर्गिक मरणाखेरीज रोज शंभरातल्या चार माद्या मेल्या, तरी त्या भागातली संख्या घटत घटत संपण्याच्या वाटेला लागते. या मोहिमेचा सगळा भरवसा या चार टक्क्यांवर आहे.

(दृश्य : दोन काठ्यांमध्ये ताणलेलं निळं-काळं टार्गेट.)

माश्या मारण्याचं साधन ते हे टार्गेट. पंचवीस सेंटिमीटरचा निळा कापडी चौकोन आणि त्याला जोडून तेवढाच काळ्या बारीक जाळीचा. दोन्हींत डेल्टामेथ्रिन हे कीटकनाशक मुरवलेलं. निळ्या रंगाकडे माशी लांबून ओढली जाते, त्याच्याभोवती घिरट्या घालते आणि न दिसलेल्या जाळीवर आदळते. काही सेकंदांचा स्पर्श पुरतो. ती तिथेच पडत नाही. उडून जाते आणि झाडीत मरते. त्यामुळे टार्गेटखाली मेलेल्या माश्या दिसत नाहीत आणि लोकांना ते निकामी वाटतं. हे गावात आधीच समजावून सांगावं लागतं, नाहीतर कापड कुणाच्या तरी घरी जातं.

एक किलोमीटर नदीला वीस टार्गेटं, म्हणजे दर पन्नास मीटरला एक. हातमोजे घालून लावायचं. जागा पाण्याजवळची, पण पुराच्या रेषेच्या वर. उंची कमी ठेवायची, कारण नदीकाठच्या या माश्या जमिनीलगत उडतात. भोवतालचं गवत कापायचं आणि टार्गेट पाण्याच्या बाजूने मोकळं दिसेल असं पाहायचं. सर्वांत जास्त टार्गेटं इथेच वाया जातात : पावसात गवत वाढतं, कापड झाकलं जातं, आणि न दिसणारं टार्गेट एकही माशी मारत नाही. पूर, वणवा, चिखल, फाटलेली जाळी ही बाकीची कारणं. कीटकनाशकाचा जोर साधारण सहा महिने टिकतो, म्हणून युगांडात वर्षातून दोनदा नवी टार्गेटं लावतात.

(दृश्य : पिरॅमिडच्या आकाराचा सापळा. कार्यकर्ता माश्या मोजतो आहे.)

काम होतंय की नाही, हे सापळे सांगतात. रोज एका सापळ्यात किती माश्या, हा आकडा मोहीम सुरू होण्याआधीपासून नोंदवायचा. नंतर नोंदवला तर तुलना कशाशी करणार? सापळ्याच्या खांबाला ग्रीस लावायला विसरू नये. मुंग्या वर चढून माश्या खातात आणि आकडा खोटा कमी दिसतो.

या प्रदेशातल्या चाचणीत माश्यांची संख्या नव्वद टक्क्यांहून जास्त घटली. चाड या देशातल्या मांदुल भागात 2014पासून दरवर्षी कोरड्या हंगामात टार्गेटं लावली गेली, सोबत गावोगाव रक्ततपासणी आणि उपचार. ही जोडी मोडू नये. एकट्या औषधांनी नवे चावे थांबत नाहीत, एकट्या टार्गेटांनी आधीचे रोगी बरे होत नाहीत. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून या रोगाच्या गॅम्बियन्स या सावकाश वाढणाऱ्या प्रकाराचं उच्चाटन झाल्याची मान्यता जागतिक आरोग्य संघटनेने युगांडाला 2022 साली आणि चाडला 2024 साली दिली.

या मान्यतेचा अर्थ माशी संपली असा नाही. वेस्ट नाइलच्या सीमेपलीकडे काँगो आणि दक्षिण सुदान आहेत, आणि लक्षणं नसलेला रोगी सहज ये-जा करतो. टार्गेटं काढलेल्या नदीत शेजारच्या पट्ट्यातून माश्या पुन्हा शिरतात. म्हणून सीमेलगतच्या नद्यांवरची टार्गेटं सर्वांत शेवटी काढावीत, आणि तीही सापळ्यांची नोंद पाहून एकेका नदीपुरती. सापळे त्यानंतरही चालू ठेवावेत.