अँट्रिमचे मॅकडॉनेल: सनद एक, रक्त दुसरं

श्रोतेहो, नमस्कार. आयर्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर ग्लेनार्म नावाचं गाव आहे. तिथल्या कॅसलमध्ये अँट्रिम परगण्याच्या अर्लचं घराणं राहतं; अर्ल ही सरदारकीची एक वंशपरंपरागत पदवी. आडनाव मॅकडॉनेल, मूळ स्कॉटलंडचं. या घराण्याची वंशावळ मांडायला बसलं की एक गोची हमखास होते: 'सहावे अर्ल' दोन निघतात. एक 1791 मध्ये वारले, दुसरे 1918 मध्ये. त्यात नावंही उलटसुलट. पहिले रँडल विल्यम, दुसरे विल्यम रँडल. दोघांना एकच माणूस समजण्याची चूक सहज होऊ शकते. जवळ कागद-पेन्सिल असेल तर घ्या, म्हणजे घोळ कुठे होतो ते लक्षात येईल.

कागदाच्या अगदी वर लिहा: जॉन मोर मॅकडॉनल्ड. मॅकडॉनेल हे याच आडनावाचं दुसरं रूप. स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयला बेट आहे, तिथल्या डनिव्हेगचा हा सरदार. 1400 च्या आसपास त्यानं मार्जरी बिसेटशी लग्न केलं. मार्जरी अँट्रिमच्या डोंगरदऱ्यांची वारस होती, त्यामुळे तो मुलूख मॅकडॉनल्डांकडे आला. स्कॉटलंडचं किंटायर द्वीपकल्प आणि अँट्रिमचा किनारा यांच्यामधला समुद्र सर्वांत अरुंद जागी वीस किलोमीटरच्या आसपास भरतो. दोन्हीकडे सत्ता ठेवायला तेव्हा बोटी पुरत.

पुढचं मोठं नाव सॉर्ली बॉय, म्हणजे जॉन मोरच्या वंशातला सोळाव्या शतकातला म्होरक्या. 1565 मध्ये ग्लेनटेझीच्या लढाईत शेन ओनील या आयरिश सरदारानं त्याला पकडलं. त्याचा थोरला भाऊ जेम्सही पकडला गेला आणि कैदेतच वारला. दोन वर्षांनी हाच शेन मदत मागायला कुशेंडनला मॅकडॉनेलांच्या छावणीत आला आणि तिथेच मारला गेला. 1575 मध्ये इंग्रज सैन्यानं रॅथलिन बेटावर सरसकट कत्तल केली. मॅकडॉनेलांनी आपली बायकामुलं सुरक्षित म्हणून तिथेच ठेवली होती. शेवटी 1586 मध्ये सॉर्ली बॉयनं डब्लिनला जाऊन राणी एलिझाबेथची ताबेदारी मान्य केली आणि आपल्या ताब्यातल्या मुलखावर हक्क मिळवला. त्यानंतर दोनच वर्षांनी स्पॅनिश आरमाराचं 'जिरोना' हे जहाज जवळच फुटलं. त्यावरच्या तोफा मॅकडॉनेलांनी काढल्या आणि कड्यावरच्या डन्लूस किल्ल्यात बसवल्या.

इथवर पदवी नाही, नुसती तलवार आहे. तक्त्यात या लोकांपुढे अर्ल लिहू नका.

सनदांचा भाग सुरू होतो तो सॉर्लीचा धाकटा मुलगा रँडल याच्यापासून. थोरला भाऊ जेम्स 1601 मध्ये वारला आणि मुलखाची सूत्रं रँडलकडे आली. गंमत म्हणजे रँडल इंग्रजांविरुद्धच्या बंडात होता, पण 1602 मध्ये वेळेवर शरण आला. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडचा राजा जेम्स इंग्लंडच्या गादीवर बसला आणि त्यानं रँडलला 3 लाख 30 हजार एकरांहून जास्त जमीन दिली. हा कॅथलिक सरदार, पण जमिनी कसायला त्यानं स्कॉटलंडमधून प्रोटेस्टंट कुळं आणून बसवली. 1618 मध्ये तो व्हायकाउंट डन्लूस झाला (व्हायकाउंट म्हणजे अर्लच्या खालचा दर्जा), 1620 मध्ये अर्ल ऑफ अँट्रिम.

आता 1620 च्या सनदेची अट नीट ऐका: पदवी पहिल्या अर्लच्या औरस पुरुष वंशजांना. या एका वाक्यावर पुढची पावणेदोनशे वर्षं चालली. त्याचा मुलगा दुसरा अर्ल, यालाही रँडलच म्हणत. हा 1645 मध्ये मार्क्वेस, म्हणजे अर्लच्या वरच्या दर्जाचा झाला. पण त्याला मूल नव्हतं. 1683 मध्ये तो वारला तेव्हा मार्क्वेसपद संपलं, कारण ते त्याच्यापासून सुरू झालेलं; अर्लपद मात्र भाऊ अलेक्झांडरकडे गेलं, कारण तो पहिल्या अर्लचा मुलगा होता. एकाच माणसाच्या दोन पदव्या, एक विझली, एक पुढे गेली. प्रत्येक पदवीची रेघ तिच्या पहिल्या धारकापासून वेगळी काढायची ती यासाठी. हाच अलेक्झांडर तिसरा अर्ल. त्याचीच फौज येताना पाहून डिसेंबर 1688 मध्ये डेरी या तटबंदीच्या शहरातल्या तेरा शिकाऊ पोरांनी वेशीचे दरवाजे लावून घेतले होते.

चौथे, पाचवे अर्ल पटकन लिहून टाका. पाचव्यानं धर्म बदलून प्रोटेस्टंट पंथ घेतला, एवढी नोंद पुरे. सहावे रँडल विल्यम यांच्यापाशी थांबा. त्यांना तीन मुली, मुलगा नाही. दत्तकाची सोय या पद्धतीत नाही. दत्तक मुलाला पदवी मिळत नाही. म्हणून त्यांनी 1785 मध्ये राजाकडून नवी सनदच काढून घेतली. नाव तेच, अर्ल ऑफ अँट्रिम, पण अट वेगळी: पदवी मुलींना वयाच्या क्रमानं आणि नंतर त्यांच्या पुरुष वंशजांना. हे गृहस्थ जुन्या सनदेचे सहावे आणि नव्या सनदेचे पहिले. 1789 मध्ये ते मार्क्वेसही झाले, तेही पद त्यांच्याबरोबरच संपलं. 1791 नंतर 1620 ची सनद संपली आणि मोजणी 1785 पासून पुन्हा एकपासून सुरू झाली. तक्त्यात अर्लच्या आकड्याशेजारी सनदेचं साल लिहिलं की प्रश्न मिटतो.

थोरली मुलगी अ‍ॅन कॅथरिन दुसरी काउंटेस, म्हणजे स्त्री अर्ल, झाली. तिच्यामागे उरली एक मुलगी, फ्रान्सेस अ‍ॅन. सनदेत मुलीच्या मुलीला जागा नव्हती. मधली बहीण आधीच अविवाहित वारली होती. म्हणून 1834 मध्ये पदवी धाकट्या शार्लटकडे गेली, ती तिसरी काउंटेस. तिचा नवरा लॉर्ड मार्क कर, लोथियनच्या मार्क्वेसचा मुलगा; हे कर घराणं स्कॉटलंडच्या सीमाभागातलं. त्यांचा मुलगा ह्यू चौथा अर्ल, आणि त्यानं 1836 मध्ये आडनाव बदलून मॅकडॉनेल घेतलं. आजचे मॅकडॉनेल बापाच्या बाजूनं कर आहेत, हे तक्त्यात दाखवलंच पाहिजे. ह्यूपासून वरची रेघ शार्लटमार्गे काढा, मार्कमार्गे काढलीत तर सरळ लोथियनला पोचाल. दोन्हीकडे मूळ स्कॉटिशच, पण एक बेटांवरचं आणि दुसरं सीमेवरचं.

फ्रान्सेस अ‍ॅनला पदवी नाही मिळाली, पण आईकडून अँट्रिममधल्या जमिनीचा वाटा आला, बापाकडून इंग्लंडमधल्या डरहॅमच्या कोळशाच्या खाणी. तिनं लंडनडेरीच्या मार्क्वेसशी लग्न केलं, म्हणजे पुन्हा एक स्कॉटिश मूळ असलेलं आयरिश घराणं, आणि किनाऱ्यावर गॅरन टॉवर बांधला. तिची मुलगी मार्लबरोची डचेस, आणि त्या डचेसचा नातू विन्स्टन चर्चिल. जानेवारी 1921 मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरम्यूलच्या रेल्वे अपघातात फ्रान्सेस अ‍ॅनचे नातू लॉर्ड हर्बर्ट गेले आणि गॅरन टॉवरची मालमत्ता चर्चिलकडे आली. तक्त्यात ही फांदी तुटक रेघेनं काढा, कारण त्या वाटेनं फक्त जमीन गेली. पदवीची ठळक रेघ शार्लटच्या वंशातूनच खाली येते. त्या रेघेवर 2021 पासून दहावे अर्ल आहेत, 1785 च्या सनदेचे.