दूध उतू चाललंय

इंदूरमध्ये मराठी पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन

नमस्कार. आधीच सांगून टाकते, मी डॉक्टर नाही. २१ वर्षांच्या एका मुलाची आई आहे, आणि त्याच्यापायी पस्तिशी उलटल्यावर पुन्हा कॉलेजात जाऊन विशेष शिक्षणाची पदवी घेतलेली बाई आहे. त्यामुळे आज मी जे बोलेन त्यातलं अर्धं शिकलेलं असेल, अर्धं चुकून कळलेलं.

इथे बसलेल्या बऱ्याच जणांच्या हातात मुलाला ऑटिझम असल्याच्या निदानाचा कागद नुकताच पडलाय. काहींच्या पर्समध्ये आत्ताही असेल, चार घड्या घालून ठेवलेला. मराठीत आपण ऑटिझमला स्वमग्नता म्हणतो. मला तो शब्द फारसा पटत नाही. माझा मुलगा स्वतःत कमी आणि पंख्यात, जिन्यावरच्या पावलांत, कुकरच्या शिट्टीत जास्त मग्न असतो. म्हणजे जगातच असतो, फक्त आपण बोट दाखवतो तिकडे बघत नाही. असो. शब्दावरून भांडायला आज वेळ नाही.

आमचं निदान २००७ सालचं. तेव्हा रामबागेतल्या आमच्या घरात सासूबाई मराठी बोलायच्या, शेजारीपाजारी हिंदी, आणि आम्ही नवरा-बायको आपली ती इंदुरी खिचडी. ज्यांनी निदान केलं त्यांनी बजावून सांगितलं, ‘घरात एकच भाषा ठेवा, पोराचा गोंधळ होतो.’ पुढे शाळा इंग्रजी असणार म्हणून आम्ही इंग्रजी धरली. सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून त्या नातवाशी बोलायच्याच थांबल्या. ‘माझ्या बोलण्याने लेकराचं नुकसान नको’ म्हणायच्या आणि तो जवळ आला की पदर तोंडाला लावून बसायच्या. दोन वर्षं.

बोलायच्या थांबल्या होत्या त्याच्याशी. माझ्याशी नाही. एकदा त्या देवघरात होत्या, मी बाल्कनीत. आतून त्या ओरडल्या, ‘अगं, दूध उतू चाललंय!’ मी धावले, हात भाजला, पातेलं कलंडलं, एकच कल्ला झाला. हा दारात उभा राहून बघत होता. त्यानंतर आली रंगपंचमी. आम्ही शहाण्यासारखे त्याला घेऊन राजवाड्याजवळ गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, बघायला गेलो. ढोल, डीजे, टँकरमधून उडणारं रंगाचं पाणी, माणसांचा समुद्र. याने दोन्ही कान गच्च दाबले आणि स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणाला, ‘अगं, दूध उतू चाललंय!’

त्याचं आयुष्यातलं पहिलं पूर्ण वाक्य. आम्ही हसलो. थेरपीच्या नोंदवहीत ‘निरर्थक पुनरुच्चार’ असं लिहिलं गेलं, आणि तो कमी करायचा म्हणून आम्हाला गृहपाठही मिळाला. त्या वाक्याचा अर्थ ‘इथे सगळं हाताबाहेर चाललंय, मला बाहेर काढा’ असा आहे, हे माझ्या टाळक्यात शिरायला आणखी दीड वर्ष गेलं.

ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं पुन्हा म्हणणं याला एकोलेलिया म्हणतात. ऑटिझम असलेल्या पुष्कळ मुलांची भाषा याच वाटेने येते. सुटे शब्द जोडत जाण्याऐवजी ती अख्खं वाक्य त्याच्या सुरासकट, प्रसंगासकट उचलतात. म्हणून मुलगा तहान लागल्यावर ‘तुला पाणी हवंय?’ असं म्हणतो. तुम्ही तसंच विचारता ना! त्याच्यासाठी ते पाण्याचं नाव आहे. ‘असं नाही म्हणायचं, मला म्हण’ असा धडा देत बसू नका. पाणी द्या, आणि देताना त्याच्या बाजूने वाक्य तुम्ही म्हणा, ‘मला पाणी हवंय.’ निदानानंतरच्या पहिल्या आठवड्यात एक वही घाला आणि मुलाची अशी वाक्यं लिहून ठेवा. कधी म्हणाला, समोर काय चाललं होतं, ते पहिल्यांदा कुठे ऐकलं असेल. बोलत नसेल तर हावभाव लिहा, तुमचा हात धरून कुठे नेतो ते लिहा. ही वही कुठल्याही रिपोर्टपेक्षा जास्त उपयोगाची ठरते, हे मी आता दुसऱ्यांच्या मुलांबरोबर काम करताना रोज बघते.

आणि भाषेचं. गेल्या काही वर्षांत वेगवेगळ्या देशांत यावर अभ्यास झालेत. दोन भाषांच्या घरात वाढणारी ऑटिस्टिक मुलं दुसरी भाषा कानावर पडल्यामुळे मागे पडतात, असं त्यांत दिसलेलं नाही. तेव्हा कोणी ‘मराठी बंद करा’ म्हटलं तर मान डोलवा आणि घरी येऊन मराठीतच बोला. तुम्हाला ज्या भाषेत चिडता येतं, लाडात येता येतं, बडबडगीत म्हणता येतं, त्या भाषेत तुम्ही मुलाशी जास्त बोलता. आजी गप्प बसली की मुलाचं काय काय जातं, ते कुठल्याच तपासणीत दिसत नाही.

आता ‘पुढे काय करायचं’ या प्रश्नाकडे वळते. आपल्याकडे निदान झालं की धावाधाव सुरू होते. सकाळी बोलण्यासाठीची स्पीच थेरपी, दुपारी रोजच्या कामांसाठीची ऑक्युपेशनल, संध्याकाळी आणखी काही. विजयनगरहून अन्नपूर्णाला, तिथून गीता भवनला. मूल ऑटोत झोपतं आणि थेरपिस्टच्या दारात रडत उठतं. थेरपी लागते, लवकर लागते, याबद्दल दुमत नाही. पण थेरपिस्टकडे मूल पाऊण तास असतं आणि तुमच्याकडे जागेपणीचे दहा-बारा तास. माझ्या मते चांगल्या थेरपिस्टची पहिली खूण म्हणजे दार लावून तुम्हाला बाहेर बसवत नाही, आत घेऊन शिकवतो. दुसरी खूण, स्पीच थेरपिस्ट किंवा विशेष शिक्षक असेल तर, भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका.

आईबापांना शिकवून फरक पडतो का? गोव्यात आणि पाकिस्तानात रावळपिंडीला मिळून ६५ मुलांवर एक अभ्यास झाला, साधारण दहा वर्षांपूर्वी प्रसिद्ध झाला. तिथे घरी जाणारे लोक तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्यसेवक होते. आई किंवा वडील मुलाशी खेळताना त्याचा व्हिडिओ घ्यायचा, मग आरोग्यसेवक आणि पालक दोघांनी बसून तो बघायचा आणि शोधायचं की कुठल्या क्षणी मुलाने तुम्हाला काहीतरी इशारा केला आणि तुमचं लक्ष नव्हतं. काही महिन्यांनी आईबाप मुलाच्या तालाने चालायला शिकले आणि मुलं आपणहून संवाद सुरू करायला लागली. हे तुम्ही आज रात्री करू शकता. मोबाईल फ्रिजला टेकवून ठेवा, दहा मिनिटं खेळा. मी पहिल्यांदा माझाच व्हिडिओ बघितला तेव्हा शरम वाटली. दहा मिनिटांत मी ‘हे काय आहे? रंग कुठला? सांग ना!’ असे इतके प्रश्न विचारले होते की तोंडी परीक्षाच वाटावी. तो बिचारा एक झाकण फिरवत होता आणि मधूनमधून माझ्याकडे बघत होता. ते मला दिसलंच नव्हतं.

बोलत नसलेल्या मुलांसाठी चित्रं वापरा, चित्रावर बोट ठेवून त्यांना हवं ते सांगता येतं. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ नावाचं मोफत अ‍ॅप आहे, त्यात मराठीही आहे. चित्रांची सवय लागली की मूल बोलणार नाही, ही भीती मनातून काढून टाका. तसं होत नाही.

शरीराकडे दुर्लक्ष नको. बेरा नावाची कानाची तपासणी झाली नसेल तर आधी ती करून घ्या. अमुक एक पदार्थच खाणारी मुलं असतात, त्यांचं रक्त, बद्धकोष्ठ, दात बघायला हवेत. एकाएकी आक्रमक झालेल्या मुलाचा दात दुखत होता, असं मी एकापेक्षा जास्त घरांत बघितलंय. झटके किंवा मधेच टक लावून हरवून जाणं दिसलं तर व्हिडिओ काढून न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.

पैशाचं बोलते, कारण तुम्हाला कोणी ना कोणी गाठणारच आहे. ऑटिझम मुळातून घालवणारं औषध आज नाही. चिडचिड, झोप, झटके यांवर औषधं आहेत, ती डॉक्टर देतील तर घ्या. पण स्टेम सेलच्या, म्हणजे मूळ पेशींच्या उपचाराच्या नावाखाली लाखो रुपये मागतील. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या तज्ज्ञांनी २०२२ साली सांगितलंय की ऑटिझमसाठी ती उपचारपद्धती शिफारस करण्याजोगी नाही. शरीरातले धातू काढून टाकतो म्हणून किलेशन करतात. त्यात अमेरिकेत २००५ साली पाच वर्षांचा मुलगा दगावला. आमच्याच नात्यातल्या एका घराने प्लॉट विकून असे उपचार केले. प्लॉट गेला, मूल आहे तसंच आहे, गोड आहे. लसीमुळे झालं म्हणणाऱ्यांनाही सांगते, १९९८ च्या ज्या १२ मुलांवरच्या लेखाने ते खूळ काढलं, तो लेख छापणाऱ्या नियतकालिकानेच २०१० मध्ये मागे घेतला.

आणि आयांनो, तुमच्यामुळे झालेलं नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर मोठमोठे मानसतज्ज्ञ सांगायचे की आई थंड असते म्हणून मूल असं होतं. ‘रेफ्रिजरेटर मदर’ असं नावही दिलं होतं. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने ते खोडून काढलं. तो स्वतः अशाच एका मुलाचा बाप होता. आपल्याकडे फ्रिज नाही म्हणत, ‘नोकरी करत होतीस ना’ म्हणतात. किंवा उलट टोक, ‘काही नाही गं, याचा बापसुद्धा चार वर्षांनी बोलला.’ पहिलं वाक्य मनाला लावून घेऊ नका, दुसऱ्यावर विसंबून वर्ष घालवू नका.

कागदपत्रं कंटाळवाणी आहेत, पण एकदाच नेटाने करा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे. प्रमाणपत्रासाठी इसा नावाची ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात. त्यावरून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, निघतं. मग नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना, वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत, नेहमीच्या थेरपीचा खर्चही त्यात धरतात. जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते, आणि आपल्या मध्य प्रदेशात भोपाळला केंद्र सरकारचं संमिश्र पुनर्वास केंद्रही आहे. ‘शिक्का बसेल’ म्हणून प्रमाणपत्र टाळणारे आजोबा प्रत्येक घरात असतात. आमच्याकडेही होते. त्यांना एवढंच सांगा की उद्या परीक्षेत जादा वेळ हवा असेल, लेखनिक हवा असेल तर हाच कागद लागणार आहे.

शाळेबद्दल थोडक्यात. शिक्षणहक्क कायद्यात २०१२ पासून दिव्यांग मुलं वंचित गटात धरली जातात, म्हणजे खासगी शाळेतल्या २५ टक्के जागांवर त्यांचाही हक्क आहे. शाळेने नको म्हटलं तर नकार लेखी मागा. आम्हाला एका शाळेने ‘बाकीच्या पालकांना चालणार नाही’ असं तोंडी सांगितलं होतं. लेखी मागितल्यावर तीच शाळा ‘बघू या’ म्हणाली. पुढे तिथे निभावलं नाही ही वेगळी गोष्ट. दहावी-बारावीला मुक्त विद्यालयाचा मार्ग आहेच.

मघाशी चिठ्ठी आली, ‘आमच्यानंतर कोण?’ चिठ्ठी लिहिणाऱ्या ताईंचं मूल तीन वर्षांचं आहे. ताई, हा प्रश्न मलाही रात्री तीन वाजता पडतो. अठरा वर्षं पूर्ण झाली की जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो, आम्ही केला, झाला. भावंडाला गृहीत धरू नका, विचारा. याहून जास्त उत्तर माझ्याकडे नाही. आणि तुम्हाला आज रात्री ते लागणारही नाही. आज रात्री त्याने काय खाल्लं, किती झोपला आणि झोपताना काय पुटपुटला, एवढं वहीत लिहा.

प्रमाणपत्राच्या अर्जाच्या झेरॉक्स मागच्या टेबलावर आहेत. आता प्रश्न घेऊ. माईक नको, आवाज घुमतो. डावीकडची छोटी खोली उघडी ठेवलीय, तिथली ट्यूबलाईट बंद आहे आणि सतरंजी घातलीय. ज्यांच्या मुलाचं दूध उतू चाललं असेल त्यांनी खुशाल मधूनच उठा.