लस एकाला, आधार दुसऱ्याला

दंडात टोचली जाणारी फ्लूची लस असते जेमतेम अर्धा मिलिलीटर. ती घेऊनही फ्लू होऊ शकतो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लस आणि त्या हंगामातला विषाणू यांचं चांगलं जुळलं, तर दवाखाना गाठायला लावणाऱ्या फ्लूचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. नाही जुळलं, तर त्याहून कमी.

हा विषाणू सारखा रूप पालटत असतो. जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ वर्षातून दोनदा लसीत विषाणूचे कोणते प्रकार घ्यायचे ते नव्याने ठरवतात. लस तयार व्हायला त्यानंतर काही महिने जातात, आणि तोवर विषाणू थोडाच थांबतो?

मग निम्म्याच भरवशासाठी सुई कशाला टोचून घ्यायची? प्रश्न रास्त आहे. पण इथे हिशेब एकट्याचा नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देताच येत नाही. आईने गरोदरपणी घेतली असेल, तर तिच्याकडून नाळेवाटे मिळालेली प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढणारी प्रथिनं, हाच त्याचा आधार. केमोथेरपी चालू असलेल्या माणसाला लस दिली, तरी त्याचं शरीर पुरेशी प्रतिपिंडं बनवेलच असं नाही. वय झालेल्यांचंही थोडंफार तसंच.

यांना वाचवायचं कसं? कॅनडातल्या हटराइट या ख्रिस्ती पंथाच्या वसाहतींमध्ये याचं उत्तर शोधलं गेलं. शेतीवर जगणारी, एकत्र राहणारी, एकत्र जेवणारी ही माणसं. २००८ साली काही वसाहतींमधल्या तीन ते पंधरा वर्षांच्या मुलांना फ्लूची लस दिली. बाकीच्या वसाहतींमधल्या मुलांना, तुलनेसाठी, हिपॅटायटिस ए ची. मग लक्ष ठेवलं ते लस न घेतलेल्यांवर. जिथे मुलांना फ्लूची लस मिळाली होती, तिथे या लोकांमधलं फ्लूचं प्रमाण सुमारे ६१ टक्क्यांनी कमी निघालं. सुई टोचली मुलांना, आणि आजार टळला त्यांच्या आजी-आजोबांचा, शेजाऱ्यांचा!

'बरं वाटत नसेल तेव्हा मी बाळाजवळ जाणार नाही,' असं आपण अगदी मनापासून म्हणतो. पण फ्लू झालेला माणूस ताप येण्याच्या आदल्या दिवसापासूनच विषाणू पसरवू शकतो. शिवाय लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. घरात बाळ येणार असेल, कुणाचे उपचार सुरू होणार असतील, तर बाकीच्यांनी ते दोन आठवडे हाताशी ठेवूनच लस घ्यायला हवी.